मोडलेल्या पलटणीचा खांब: नागपुरातील एका युद्धस्मारकाचे प्रकरण

उत्तर नागपुरातील एका वस्तीत, महापालिकेच्या छोट्या बागेच्या कोपऱ्यात, तांबूस वाळूखडकाचा चौकोनी खांब आहे. उंची २.७ मीटर, प्रत्येक बाजू ६० सेंटिमीटर, वजन अंदाजे २ टन. दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली आणि युद्ध संपताच मोडलेली एक पलटण होती, तिच्या मृतांचा हा खांब. आता तो नैऋत्येकडे कललेला आहे, चौथऱ्याला तिरपी भेग आहे आणि रोमन लिपीत कोरलेली नावे पापुद्र्यांसकट गळत आहेत. वारसांनी वर्गणी काढून काळ्या ग्रॅनाइटचे नवे स्मारक बांधायचे आणि जुना खांब पाडायचा असे ठरवले. ग्रॅनाइटवाल्याला आगाऊ रक्कमही देऊन झाली. नावांची यादी मात्र कोणाकडेच नव्हती. हे प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे, म्हणून पलटण, वस्ती आणि माणसे अनामिक ठेवली आहेत. माती, दगड, नोंदी आणि कायदा यांचे तपशील मात्र जसे आहेत तसेच आहेत.

पलटण मोडली की काय काय मोडते

चालू पलटणीच्या स्मारकावर एखादे नाव चुकले तर ते दुरुस्त करणारे कोणीतरी असते. रेजिमेंटल सेंटर असते, अभिलेख कार्यालय असते, वर्धापनदिनाला जमणारे जुने सुभेदार असतात. मोडलेल्या पलटणीला यातले काहीच उरत नाही. माणसे दुसऱ्या पलटणींत वाटली जातात, कागद मूळ रेजिमेंटकडे जातात आणि मेसमधली चांदी कोणाकडे गेली हे पुढच्या पिढीला कळतही नाही. महार रेजिमेंटची २५ वी बटालियन १९४२ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि १९४६ मध्ये मोडली. तिचे जवान उरलेल्या बटालियनींत सामावले गेले. त्याच वर्षी रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्र कामठीला आले. पुढे ते सागरला हलले. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या जवानाचा कागद शोधायचा तर कामठीत विचारून भागत नाही.

नागपूरकरांच्या डोळ्यांसमोरचे जुने उदाहरण सीताबर्डीच्या किल्ल्याचे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढलेल्या मद्रासच्या २४ व्या रेजिमेंटची पहिली बटालियन म्हणजे वेल्लोरच्या १८०६ च्या बंडानंतर यादीतून खोडलेल्या पलटणीचेच नवे रूप. सीताबर्डीनंतर शिपायांनी आपला जुना पहिला क्रमांक परत मागितला आणि तो मिळाला. ती पलटण पुढे ६१ वी पायोनियर्स झाली आणि पायोनियर पलटणींबरोबर १९३३ मध्ये कायमची मोडली. एकाच पलटणीला शंभरेक वर्षांत तीन-चार क्रमांक. अशा वेळी दगडावरचा क्रमांक पाहून नोंद शोधणारा हमखास चुकतो.

म्हणून या प्रकरणात कामाचा क्रम उलटा लावावा लागला. आधी नावे, मग माती, शेवटी दगड. वर्गणीदारांना हे पटायला वेळ लागतो, कारण दगड दिसतो आणि नोंद दिसत नाही.

खांबावर काय आहे ते आधी वाचणे

झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी त्यांत खडू, पीठ किंवा रंग भरू नये. वाळूखडक सच्छिद्र असतो, भरलेले निघत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून १० ते १५ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकावा आणि कॅमेरा स्टँडवर समोर स्थिर ठेवून प्रत्येक बाजूची ८ दिशांनी छायाचित्रे घ्यावीत. उभी रेघ बाजूच्या प्रकाशात दिसते, आडवी वरच्या. त्यामुळे एकाच फोटोवर विसंबू नये. दिवसा १९ नावे वाचता येत होती. या पद्धतीने सगळ्या २७ ओळी लागल्या, त्यांतल्या चारांची काही अक्षरे संदिग्ध राहिली.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही. दुसऱ्या महायुद्धासाठी ती ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरते, पहिल्यासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. नोंदीत नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि नशीब असेल तर वडिलांचे नाव व गाव मिळते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मेलेल्या पण कबर किंवा दहनाची नोंद नसलेल्या जवानांची नावे रंगूनजवळच्या तौक्यान येथील रंगून मेमोरियलवर आहेत. तिथे सुमारे २७,००० नावे आहेत. दहन झालेल्यांसाठी इंफाळला ८६८ आणि कोहिमाला ९१७ नावांची वेगळी स्मारके आहेत. एकाच पलटणीची नावे अशी तीन-चार ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून शोध स्मारकाच्या नावाने न घेता पलटणीच्या नावाने घ्यावा. तोही दोन-तीन स्पेलिंगांनी.

पहिल्या जुळणीत २३ नावे जुळली. खांबावरची ४ नोंदवहीत नव्हती, नोंदवहीतली १० खांबावर नव्हती. इथेच थांबून यादी छापली असती तर ती ३७ नावांची झाली असती. चुकीची, आणि पुढे ती ग्रॅनाइटमध्ये पक्की झाली असती.

दोन जोड्या केवळ स्पेलिंगमुळे फुटल्या होत्या. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातला लष्करी कारकून शिवराम ऐकून ‘शेवराम’ किंवा ‘शेओराम’ लिहायचा, महादेवचा ‘महादेओ’ व्हायचा. गावांचेही तसेच: चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर, वुन म्हणजे वणी, उमरेर म्हणजे उमरेड. या सवयी लक्षात घेऊन परत पाहिल्यावर जुळलेली नावे २५ झाली. खांबावरच्या उरलेल्या दोघांपैकी एकाची बदली मृत्यूपूर्वी दुसऱ्या पलटणीत झाली होती, म्हणून नोंदवहीत तो तिकडे होता. दुसरा लष्करातून मुक्त होऊन घरी आल्यावर वारला होता.

नोंदवहीतले उरलेले ८ कोण? तिघे शिपाई, रोगाने गेलेले. लढाईत पडले नाहीत म्हणून खांब उभारणाऱ्यांनी त्यांना सोडले असावे. पाच जण ‘फॉलोअर’: दोन भिस्ती, दोन आचारी, एक सफाईवाला. पलटणीबरोबर त्याच जंगलात, त्याच मलेरियात आणि त्याच बॉम्बखाली गेलेली ही माणसे गावोगावच्या स्मारकांवरून सर्रास गळतात. कमिशनच्या नोंदवहीत मात्र ती शिपायांच्या बरोबरीने आहेत. स्मारकासाठी जमलेल्या वारसांच्या समितीत यावर वाद झाला. आमचे मत स्पष्ट आहे: भिस्त्याला गाळायचे असेल तर स्मारकाला पलटणीचे नाव देऊ नये, लढवय्यांचे द्यावे. शेवटी यादी ३५ नावांची झाली.

वारस ठरवताना आणखी एक पेच. जुन्या भरतीत बऱ्याचदा आडनाव लिहिलेच जात नसे, फक्त नाव आणि वडिलांचे नाव. ‘रामा सखाराम’ या एका नोंदीवर तीन घरांनी हक्क सांगितला आणि तिघांनीही आपापले आडनाव जोडून मागितले. विदर्भात अशा वेळी कोतवाल बुकाचा आधार घेता येतो. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असल्याने वडिलांचे नाव आणि साधारण जन्मवर्ष त्यातून लागते. नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर असेल तर आणखी बरे. इथे दोन घरे गळली आणि तिसऱ्याचे जुळले. तरीही दगडावर आडनाव घातले नाही. नोंदीत जसे आहे तसे नाव आणि शेजारी सेवा क्रमांक. क्रमांकामुळे ‘आमचाच रामा’ हा वाद कायमचा मिटतो, आणि पुढे कोणी चूक दाखवली तर ती तपासताही येते.

हुद्देही ‘आजचे’ करू नयेत. जमादाराचा नायब सुभेदार करण्याची हौस अनेकांना असते. त्या माणसाने ते नाव कधी ऐकलेही नव्हते.

मथळ्यात ‘शहीद’ की ‘हुतात्मा’ यावर दोन बैठका गेल्या. लष्कराच्या अधिकृत भाषेत ‘शहीद’ ही संज्ञा नाही. शिवाय नागपुरात शहीद स्मारक म्हटले की लोकांना झिरो माइलजवळचे, १९९४ च्या चेंगराचेंगरीत गेलेल्या गोवारींचे स्मारक आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. ‘पलटणीत सेवा करून मृत्यू पावलेले’ हा मजकूर कोरडा वाटला तरी ३५ही जणांना लागू पडतो. तोच ठेवला.

खांब का कलला

चार जणांनी चार कारणे सांगितली होती: भूकंप, रस्त्यावरचे ट्रक, निकृष्ट काम, मेट्रो. खरे कारण पायाखाली होते, आणि निम्मे बागेच्या नळात.

चाचणी खड्डा खणला तेव्हा १.८ मीटरपर्यंत काळी माती आणि त्याखाली मुरूम लागला. जुना पाया अवघा ६० सेंटिमीटर खोल, म्हणजे पूर्णपणे काळ्या मातीत. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिच्या भेगांत मनगट जाते. माती सगळीकडून सारखी फुगली-आक्रसली असती तर खांब वर-खाली झाला असता, पण सरळ राहिला असता. इथे ईशान्येला बागेची हिरवळ, तिला रोज पाणी. नैऋत्येला साडेतीन मीटरवर पिंपळ, तो मुळांनी ओलावा शोषतो. एक बाजू बारमाही फुगलेली, दुसरी आक्रसलेली. खांब आक्रसलेल्या बाजूला झुकणारच.

हे अनुमान मोजून पाहिले. खांबाच्या माथ्यावरून ओळंबा सोडून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, वारा नसताना अंतर घेतले. मे मध्ये झुकाव ३८ मिलिमीटर, सप्टेंबरमध्ये ३२. सहा मिलिमीटरने खांब परत आला, म्हणजे माती जिवंत आहे आणि हालचाल ऋतूंबरोबर चालते. भेगेवर काचेच्या पातळ पट्ट्या दोन्ही टोकांना इपॉक्सीने चिकटवल्या. तीनपैकी दोन पावसाळ्यात तडकल्या. एकदाच मोजून ‘झुकाव इतका’ असे लिहिण्याला अर्थ नसतो. एका उन्हाळ्याचे आणि एका पावसाळ्याचे, अशी निदान दोन टोके हवीत.

ठेकेदाराचा प्रस्ताव होता: जॅक लावून खांब सरळ करू आणि पायाभोवती काँक्रीट ओतू. यात दोन धोके आहेत. जॅकचा दाब वाळूखडकाच्या सांध्यांवर येतो आणि खांब थरांत फुटू शकतो. शिवाय कारण तसेच राहिल्याने पुढच्या दोन-तीन वर्षांत काँक्रीटसकट तो पुन्हा कलतो, आणि तेव्हा काढायला दुप्पट जड. २.७ मीटर उंचीला ३८ मिलिमीटर झुकाव हा ६० सेंटिमीटर रुंदीच्या खांबाला पाडणारा नाही. वजनाची रेषा अजून पायाच्या मध्याजवळच आहे. म्हणून खांब हलवला नाही, पाणी हलवले. हिरवळ खांबापासून ३ मीटर मागे घेतली, नळाची तोटी दुसऱ्या टोकाला नेली आणि चौथऱ्याभोवती १.५ मीटर रुंदीचा फरशीचा पट्टा बाहेर उतार देऊन बसवला. त्याखाली मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकला. पिंपळ तोडला नाही. परवानगीची भानगड आहेच, पण मोठे झाड एकदम काढले की त्या बाजूची माती उलट फुगू लागते, हे जास्त महत्त्वाचे. त्याच्या आणि चौथऱ्याच्या मध्ये १.५ मीटर खोल चर खणून मुळांना आडवा पडदा घातला, एवढेच.

दगड: जुना आणि नवा

खांबाचा दगड कामठी वाळूखडक. याच्या थराला भूगर्भशास्त्रात कामठीचेच नाव आहे, आणि कामठी-सिल्लेवाडा पट्ट्यातला हा दगड नागपूरच्या जुन्या बांधकामांत भरपूर दिसतो. दगड चांगला. त्याला मारले ते दुरुस्तीने. कधीतरी सांध्यांतला चुना खरवडून सिमेंट भरले गेले आणि वरून दरवर्षी ऑइल पेंट. पाणी दगडात शिरते, सिमेंट आणि रंगातून बाहेर पडता येत नाही, मग ते दगडाच्या पृष्ठामागे साठते, क्षार तिथेच स्फटिक होतात आणि पापुद्रा ढकलून देतात. अक्षरे पापुद्र्यावर असतात, म्हणून आधी तीच जातात.

रंग काढायला सँडब्लास्टिंग आणि ॲसिड दोन्ही वर्ज्य. लाकडी पट्टीने सैल रंग सोडवावा, उरलेल्यावर रंग सोडवणाऱ्या द्रवाचा लगदा लावून प्लास्टिकने झाकावा, दुसऱ्या दिवशी नायलॉनच्या मऊ ब्रशने काढावा. आधी मागच्या बाजूला हातभर जागेवर करून पाहावे. सांध्यांतले सिमेंट छिन्नी-हातोडीने, ग्राइंडर न लावता. ग्राइंडरची पाती एकदा घसरली तर दगडाची कड जाते. नंतर सांध्यांत चुन्याचा मसाला: एक भाग चुना, तीन भाग धुतलेली कन्हान नदीची रेती. चुन्याला सिमेंटची घाई चालत नाही. ओल्या गोणपाटाखाली निदान १४ दिवस, आणि हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच.

झिजलेली नावे पुन्हा खोल कोरायची नाहीत, हा निर्णय काहींना आवडला नाही. पण पुन्हा कोरताना कारागीर जे दिसते ते कोरत नाही, त्याला जे वाटते ते कोरतो. चार संदिग्ध नावांचे मग कायमचे वाटोळे. जुना खांब साक्षीदार म्हणून राहू द्यावा, वाचायला नवा दगड शेजारी.

नव्या दगडासाठी ग्रॅनाइट घेतला, पण ग्रॅनाइटवाल्याने सुचवलेली १८ मिलिमीटरची पॉलिश टाइल विटांच्या भिंतीवर सिमेंट स्लरीने चिकटवण्याची पद्धत नाकारली. नागपुरात काळा पॉलिश दगड मे महिन्यात दुपारी ७० अंशांपर्यंत तापू शकतो आणि डिसेंबरच्या पहाटे १५ च्याही खाली येतो. १.५ मीटर लांबीचा तुकडा ५५ अंशांच्या फरकाने साधारण ०.६५ मिलिमीटर वाढतो. वीट तेवढी वाढत नाही. दर वर्षी थोडे थोडे करत स्लरी सुटते, टाइल ठोकली की पोकळ वाजते, आणि एका पावसाळ्यात नावांसकट खाली. म्हणून ९०० बाय १५०० मिलिमीटरची, ४० मिलिमीटर जाडीची एकच अखंड शिळा, मागे आरसीसीच्या दोन खांबांना स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पने धरलेली, कडेला ६ मिलिमीटरची मोकळी फट सीलंटने भरलेली. वजन सुमारे १४६ किलो. ही चार माणसांनी हातांनी उचलायची वस्तू नव्हे, चेन पुली लागते. पृष्ठ पॉलिश न करता होन केलेले: चमक कमी, पण उन्हात वाचता येते.

खांबांचा पाया मात्र २.१ मीटर खोल, मुरमात उतरवला. खाली १० सेंटिमीटर १:४:८ काँक्रीट, वर ९० बाय ९० सेंटिमीटरची फुटिंग म्हणजे पायाची रुंद बैठक, एम २५ दर्जाच्या काँक्रीटची. जमिनीलगतच्या बीमखाली ७५ मिलिमीटर पोकळी ठेवली. हीच पोकळी गवंडी ‘विसरून’ मातीने भरतात. फुगणारी माती मग बीमला खालून उचलते आणि शिळा तडकते. पोकळीच्या दोन्ही बाजूंना विटेचा आडोसा लावून फोटो काढल्याशिवाय पुढचे बिल द्यायचे नाही, असे आधीच लिहून घेतले.

अक्षरे

मांडणी अशी: वर १०० मिलिमीटर मोकळे, मथळ्याला २६०, नावांना ४५ मिलिमीटरच्या २२ ओळी म्हणजे ९९०, खाली १५०. रुंदीत ३७० मिलिमीटरचे दोन स्तंभ, मध्ये ६०, कडांना ५०-५०. जागा ४४ नावांची, नावे ३५. नऊ ओळी मुद्दाम रिकाम्या, कारण मोडलेल्या पलटणीची यादी कधीच पूर्ण झालेली नसते. क्रम अकारविल्हे. हुद्द्यानुसार लावला असता तर पाचही फॉलोअर पुन्हा तळाला गेले असते.

अक्षर २० मिलिमीटर उंच असताना ओळीतले अंतर ४५ का, असे कोरणाऱ्याने विचारले. रोमन अक्षरांना ३५ पुरते. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. ३५ वर ‘कृष्णा’चा ऋकार खालच्या ओळीतल्या ‘केरू’च्या मात्रेत घुसतो.

कोरणे सँडब्लास्टने, रबरी स्टेन्सिल वापरून, ३ मिलिमीटर खोल. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली: यादी युनिकोडमध्ये टाइप होते, कोरणाऱ्याच्या संगणकावर जुना फाँट आणि जुने सॉफ्टवेअर. फाइल उघडली की रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ‘ऱ्हा’चा ‘र्हा’ होतो, जोडाक्षरे हलंत दाखवत सुटी पडतात. म्हणून मजकूर आपल्याकडेच मांडून, अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करून मग फाइल द्यावी आणि १:१ मापाचा कागदी ताव काढून भिंतीवर चिकटवून वाचावा. वाचणारे दोघे असावेत, एक नाव मोठ्याने म्हणणारा आणि दुसरा नोंदवही धरणारा. या तावावर दोन चुका सापडल्या. दुसरी: अनुस्वार आणि ‘ठ’, ‘ष’ यांच्या पोटातल्या बारीक जागा. स्टेन्सिलची ३ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्टी वाळूच्या माऱ्यात सुटते आणि ‘ठ’चे नुसते भोक होते. जाड रेघेचा सुबक फाँट न घेता मध्यम रेघेचा, मोकळ्या पोटाचा घ्यावा.

सोनेरी रंग भरला नाही. विदर्भाच्या उन्हात तो दोन-तीन वर्षांत उडतो आणि अर्धी रंगलेली नावे न रंगलेल्यांपेक्षा वाईट दिसतात. पितळी अक्षरे तर चोरीलाच जातात.

परवानगी आणि वापर

जागा महापालिकेची, त्यामुळे लेखी परवानगी तिची. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे किंवा बांधकामे यांना परवानगी देण्यास राज्यांना मनाई आहे. म्हणून शिळा बागेच्या कुंपणाच्या आत, जुन्या खांबाच्याच चौथऱ्यालगत, दुरुस्तीचा भाग म्हणून दाखवली. अशोकस्तंभाची राजमुद्रा कोरण्याची सूचना २००५ च्या कायद्यामुळे बाद झाली. पलटणीचा जुना बिल्ला, त्यावरच्या मुकुटासकट, तसाच ठेवला. अखंड ज्योतीची मागणीही होती. इंडिया गेटच्या ज्योतीलासुद्धा २००६ पर्यंत सिलिंडर बदलत राहावे लागत. वस्तीच्या बागेत ते कोण करणार?

लोक येणार म्हणजे हळद-कुंकू, तेलाचा दिवा आणि नारळ येणारच. ते थांबवायचे नाही, जागा द्यायची. शिळेपासून दीड मीटर पुढे बेसॉल्टचा गुडघाभर उंच दगड, वर खोलगट. दिवा आणि नारळ तिथे. पुष्पचक्रासाठी स्टीलची तिपाई, कारण शिळेला टेकवलेल्या चक्राची तार अक्षरांच्या कडा खरवडते. धुण्यासाठी पाणी, थोडा सौम्य साबण आणि नायलॉन ब्रश. फरशीचे ॲसिड बागेच्या खोलीतून काढूनच टाकले.

ओळंब्याचे मोजमाप चालू आहे. पट्टा बसवल्यानंतरच्या पहिल्या मे मध्ये झुकाव ३६ मिलिमीटर, सप्टेंबरमध्ये ३४. सहाचा फरक दोनवर आला. पुढच्या पावसाळ्यानंतरही तो दोनच राहिला तर चौथऱ्याची भेग चुन्याने भरायची. वाढला तर जुन्या पायाखाली, एका वेळी एकच कोपरा उघडून, मुरमापर्यंत आधार द्यायचा. नवीन काचेच्या पट्ट्या तोवर तशाच.